एकच झेंडा, दोन देश

उभे तीन पट्टे: निळा, पिवळा, तांबडा. हा झेंडा युरोपातल्या रुमानियाचा आणि आफ्रिकेतल्या चाडचाही. लांबी-रुंदीचं प्रमाण दोन्हींचं सारखंच. चाडचा निळा किंचित गडद, पण ते दोन्ही शेजारी शेजारी धरले तरच कळतं. मी महाविद्यालयात भारतीय दर्शनं शिकवत असे. शब्द आणि अर्थ यांच्या नात्यावर बोलायची वेळ आली की रंगीत खडूंनी फळ्यावर हे तीन पट्टे काढायचो आणि विचारायचो, 'हा कुणाचा?' फुटबॉल बघणारी मुलं 'रुमानिया' म्हणत. 'चाडचा का नाही?' म्हटलं की वर्ग गप्प, आणि माझा तास सुरू.

या सारखेपणाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1959 साली चाडने झेंडा ठरवला. आधी विचार हिरव्या-पिवळ्या-तांबड्याचा होता, पण तो माली संघराज्याच्या झेंड्याशी फार जुळत होता, म्हणून हिरव्याच्या जागी निळा आला. एका सारख्यापासून सुटायला गेले आणि दुसऱ्या सारख्याच्या वाटेवर आले. मात्र तेव्हा रुमानियाच्या पिवळ्या पट्ट्यावर साम्यवादी राजवटीचं चिन्ह होतं, त्यामुळे घोटाळा नव्हता. डिसेंबर 1989 मध्ये तिमिशोआरा आणि बुखारेस्टच्या रस्त्यांवर चाउशेस्कूच्या राजवटीविरुद्ध उतरलेल्या लोकांनी ते चिन्ह कात्रीने कापून काढलं आणि मधोमध भोक पडलेले झेंडे मिरवले. क्रांतीनंतर चिन्ह कायमचं गेलं, आणि दोन देशांचा झेंडा एक झाला. 2004 मध्ये चाडने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेल्याच्या बातम्या आल्या. रुमानियाचे अध्यक्ष इयॉन इलिएस्कू यांनी आपला तिरंगा सोडायला साफ नकार दिला.

आता न्यायनिवाडा करायचा कसा? कोण आधी, हे विचारून चालत नाही. रुमानियन लोक हे रंग 1848 च्या क्रांतीपासून मिरवत आले; पण चिन्हाविना सलग फडकत राहिलेला झेंडा 1959 पासून चाडचा. अर्थ विचारावा, तर चाडमध्ये निळा म्हणजे आकाश आणि दक्षिणेतलं पाणी, पिवळा म्हणजे सूर्य आणि उत्तरेचं वाळवंट, तांबडा म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त. रुमानियात तेच रंग वालाकिया आणि मोल्दाव्हिया एकत्र आल्याची आठवण देतात. डोळ्यांना एकच दिसणाऱ्या कापडाचे हे दोन अर्थ आले कुठून?

मीमांसा दर्शन मानणारे मीमांसक म्हणतील, शब्दाचं अर्थाशी नातं उपजत आहे, कुणी लावून दिलेलं नाही. हा झेंडा पाहिला की मला ते मत झेंड्यांना तरी लावता येत नाही. तांबड्या रंगात रक्त उपजत असतं, तर ते सगळीकडे सारखंच दिसलं असतं. न्याय दर्शनाचे नैयायिक म्हणतात, नातं संकेताचं, म्हणजे ठरवून दिलेलं आहे. पण संकेत करायचा कुणी? प्राचीन नैयायिक तो ईश्वराच्या इच्छेवर सोपवतात. नव्यांनी माणसाच्या इच्छेलाही तो अधिकार दिला. कात्री घेऊन रस्त्यावर उतरलेल्या रुमानियनांनी नव्यांची बाजू सिद्ध केली असं मला वाटतं. सरकारने चिकटवलेला संकेत लोकांनी कापला आणि आपला ठेवला.

यावर एक आक्षेप येतोच: सगळं संकेतावरच असेल, तर झेंड्यात पवित्र असं उरलं काय? पेणच्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या गणपतीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. तिथे कुठलीही उचला, फरक नाही. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की मात्र शेजाऱ्याच्या मूर्तीशी आपली मूर्ती कुणी बदलून घेणार नाही. साचा तोच, माती तीच. तरी त्या क्षणापासून ती मूर्ती आपल्या घरची असते. पावित्र्य खोटं नाही. ते माणसांच्या श्रद्धेने आणि विधीने येतं, आणि विसर्जनाने परतही जातं.

आपल्या तिरंग्याचंही असंच झालं आहे. 1921 मध्ये गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात रंगांचा अर्थ धर्मांवरून लावलेला होता: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. 1931 मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असे रंग स्वीकारताना हा अर्थ जाणीवपूर्वक बाजूला सारला आणि त्याग, सत्य, शांती, श्रद्धा अशा गुणांचा धरला. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेत तिरंग्याचा ठराव आला, तेव्हा राधाकृष्णन यांनी भगव्याचा अर्थ वैराग्य, हिरव्याचा मातीशी नातं आणि चक्राचा धर्म व गती असा सांगितला. नायजर देशाचा झेंडाही केशरी-पांढरा-हिरवा, मध्ये केशरी गोल. तिथे केशरी म्हणजे सहारा वाळवंट. त्यांचा केशरी खोटा आणि आपला खरा, असं कोण म्हणेल?

म्हणून 'हा रंग आमचा' या भांडणात मला अर्थ दिसत नाही, मग ते चाड-रुमानियाचं असो की आपल्या गल्लीतलं. रंग सर्वांचे आहेत. त्यांच्यावर आपण काय ठेवलं आणि ते पाळलं का, एवढाच प्रश्न आपला आहे. 15 ऑगस्टला तिरंग्याला सलाम करणाऱ्याने वैराग्य, सत्य आणि मातीशी नातं या तीन कसोट्यांवर आपलं वागणं तपासून पाहावं. त्यात उणा पडणाऱ्याला झेंड्यावर हक्क सांगता येणार नाही.