पाठीमागून वाजणारा अल्बम

फेब्रुवारी १९७३मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांना 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकवायचा घाट घातला होता. वर घुमट आणि चहूबाजूंनी आवाज, असा बेत. पण चार स्पीकरांसाठीचं, म्हणजे क्वाड्रोफोनिक, मिक्स वेळेत हातावेगळं झालं नाही. मग साधं स्टीरिओ वाजवून भागवायचं ठरलं आणि पिंक फ्लॉइडची मंडळी रुसली. चौघांपैकी एकटा रिक राइट तिकडे फिरकला. हा किस्सा बड्या कलावंतांच्या नखऱ्यांत जमा होतो. मला मात्र त्यांचा राग रास्त वाटतो, कारण आवाज खोलीभर फिरवायच्या मागे हे लोक कित्येक वर्षं लागले होते. मे १९६७मध्ये क्वीन एलिझाबेथ हॉलमधल्या कार्यक्रमासाठी ॲबी रोड स्टुडिओच्या बर्नार्ड स्पाइट यांनी त्यांना एक पेटी करून दिली होती. तिच्यावरचा दांडा ज्या दिशेला कलवावा त्या कोपऱ्यात आवाज जायचा. 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' असं भारदस्त नाव होतं तिचं, आणि त्या कार्यक्रमानंतर ती चोरीला गेली.

'मनी'ची सुरुवात घ्या. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटी, आकडेमोडीच्या यंत्राची खडखड. प्रत्येक आवाजाची टेप पट्टीनं मोजून सारख्या लांबीची कापली, तुकडे एकापुढे एक चिकटवले आणि त्यांचं वेटोळं यंत्रावर फिरत ठेवलं. त्यातल्या एका आवाजासाठी ड्रमर निक मेसननं जुन्या पेनींना भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवल्या होत्या. गाणं सात मात्रांचं, म्हणून आवाजही सात. (आपल्याकडे सात मात्रा म्हटलं की रूपक, इथे गल्ला.) स्टीरिओत हे आवाज डावी-उजवी करतात. क्वाडसाठी तेच वेटोळं चार ट्रॅकवर बांधलं, आणि नाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चालत तुमच्याभोवती फेरी घालू लागली. 'टाइम'च्या आरंभी एकदम ठणाणणारी घड्याळंसुद्धा अल्बमचा ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्सनं मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी घड्याळांच्या दुकानात जाऊन टेप केली होती. म्हणजे स्टीरिओ ऐकणाऱ्यांच्या वाट्याला आली ती चार कोपऱ्यांसाठी गोळा केलेली सामग्री.

दोनच वर्षांनी मुंबईत मिनर्व्हाला 'शोले' लागला. ७० मिमीच्या पडद्याबरोबर स्टीरिओफोनिक आवाज होता, आणि जयनं उडवलेलं नाणं पडलं की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुनी मंडळी अजून सांगतात. मला हे खरं वाटतं. नाण्याचा आवाज आखूड, टणक आणि अणकुचीदार असतो. असा आवाज कुठून आला ते कानाला चटकन उमगतं. तेच एखाद्या लांबलेल्या, मऊ सुराबद्दल कान गोंधळतो.

फ्लॉइडचं प्रकरण निराळं, कारण कोपरे आधीपासून त्यांच्या डोक्यात होते. बाकीच्या बहुतेक अभिजात रॉक अल्बमांना सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, चिकटला तो मागाहून. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९चा, त्याचं ५.१ मिक्स २००९चं. यसचा 'क्लोज टू द एज' १९७२चा, मिक्स २०१३चं. दोन्ही कामं स्टीव्हन विल्सनची. 'द हू'चा 'क्वाड्रोफिनिया' तर नावातच चार स्पीकर घेऊन १९७३ साली आला, पण आला स्टीरिओत. तेव्हाचं क्वाड तंत्र पीट टाउनशेंडच्या पसंतीला उतरेना. तसंही ते तंत्र टिकायचं नव्हतं. सीबीएसची एक पद्धत, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. जेव्हीसीच्या तबकडीत ३० किलोहर्ट्झवर वेगळी लहर कोरलेली, तिला वेगळी सुई हवी. सत्तरचं दशक सरेपर्यंत सगळा बाजार गुंडाळला गेला.

मग तीस-चाळीस वर्षांनी जुन्या टेपा उघडून, समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी एक वूफर अशी ५.१ची मांडणी करून जो अल्बम आपल्याला ऐकवतात, तो नक्की काय असतो? विकणारे म्हणतात, कलावंताच्या मनातला खरा अल्बम आता ऐका. कट्टर चाहते म्हणतात, ही देवळाला ऑइल पेंट फासण्याची तऱ्हा. माझं मत असं, की सराउंड मिक्स म्हणजे त्या अल्बमवर केलेलं भाष्य. भाष्यकारानं मूळ वाचलेलं असतं, त्याला काही दिसलेलं असतं, ते दाखवताना तो दुसरं काही झाकतो. ते पटेल किंवा पटणार नाही. पण मूळ ग्रंथ बाजूला सारून त्याच्या जागी भाष्य ठेवायचं नसतं.

आता मूळ तरी कशाला म्हणायचं? 'सार्जंट पेपर' १९६७ साली मिक्स झाला तेव्हा बीटल्स मोनो मिक्सच्या वेळी हजर होते. स्टीरिओ मिक्स त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकलं. पुढच्या पिढ्यांनी 'मूळ' म्हणून जपला तो हा उरकलेला पाठ. शिवाय स्टुडिओत होते चारच ट्रॅक. चार भरले की त्यांचं एकत्र मिश्रण दुसऱ्या टेपवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. प्रत्येक उतरवणीत थोडी धार जाते, थोडी खरखर वाढते, आणि एकदा एकत्र झालेला तंबोरा नि गिटार पुन्हा सुटे होत नाहीत. २०१७ साली जाइल्स मार्टिन, म्हणजे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा, उतरवणीच्या आधीच्या टेपांपर्यंत मागे गेला आणि त्या संगणकावर एकमेकींशी जुळवून घेतल्या. पाठभेद तपासणारा संपादक जुन्यात जुनी पोथी धुंडाळतो, तशातलं हे काम. त्यातून बाहेर आलं ते मात्र १९६७ साली कुणीही, अगदी बीटल्सनीही, ऐकलेलं नव्हतं.

जेथ्रो टलच्या 'ॲक्वालंग'च्या बाबतीत मी निःशंकपणे नव्या मिक्सच्या बाजूचा आहे. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या नव्याकोऱ्या स्टुडिओत हा अल्बम झाला आणि त्याचा आवाज कायम कोंदट राहिला. खुद्द टलचा म्होरक्या इयन अँडरसन त्यावर खूश नव्हता. विल्सनच्या २०११च्या मिक्समध्ये पडदा सरकतो. विल्सनची रीत सावध आहे: आधी मूळ स्टीरिओ मिक्स शेजारी ठेवून त्याच्या बरहुकूम तोल साधायचा, आणि मगच ते उलगडून खोलीत पसरायचं. ड्रम, बास आणि मुख्य गळा तो सहसा समोर ठेवतो; मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं कळवाद्य), कोरस, अकूस्टिक गिटार बाजूला आणि मागे. क्रिमसनच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत असं ऐकताना मेलोट्रॉनची लाट पाठीवरून येते, आणि त्या गाण्याला ती शोभते.

या सगळ्या कौतुकात एक वाक्य हमखास येतं: जणू आपण बँडच्या मधोमध बसलोय. इथे मी अडतो. आपल्या बैठकीत गवयाच्या मागे दोन तानपुरे असतात, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी. आवाजानं खरोखर वेढलेला माणूस तिथे असतो, तो म्हणजे गवई. रॉक अल्बमच्या मधोमध मात्र कुणीच नसतं. ड्रम एका दिवशी वाजतात, गिटारचे थर नंतर चढतात, गळा कधी कधी महिन्यानं येतो, आणि एकच वादक स्वतःच्याच शेजारी तीनदा उभा असतो. 'मधली जागा' ही मिक्स करणाऱ्यानं रचलेली आहे. रचलेली असण्याला माझी हरकत नाही, स्टीरिओतला रंगमंचही रचलेलाच. पण स्टीरिओची रचना कानाच्या सोयीची आहे. समोरच्या आवाजाची दिशा आपण एक-दोन अंशांपर्यंत ओळखतो, बाजूला आणि मागे तो नेमकेपणा उरत नाही. समोरच्या दोन स्पीकरांच्या मधे गायक उभा असल्याचा भास पक्का बसतो. पुढचा आणि मागचा स्पीकर यांच्या मधे तो बसत नाही, मान हलली की ढळतो. म्हणून चांगला मिक्सर दोन स्पीकरांमधल्या हवेवर विसंबून बाजूला काही ठेवत नाही.

दुसरी अडचण कानाची नाही, स्वभावाची आहे. रॉक हे तोंडावर येऊन बोलणारं संगीत. त्याचा बराचसा जोर दाटीतून येतो. ब्लॅक सॅबथच्या 'पॅरॅनॉइड'मध्ये टोनी आयोमीचं गिटार आणि गीझर बटलरचा बास पुष्कळदा एकाच वळणानं जातात, आणि ते एकमेकांवर घासून जी भिंत उभी राहते ती त्या अल्बमचं सगळं भांडवल. १९७४ साली त्याचंही क्वाड निघालं. अशी भिंत चार कोपऱ्यांत वाटली की प्रत्येक वीट स्वच्छ दिसते आणि भिंत नाहीशी होते. कुरमुरे, शेव, कांदा, चिंचेचं पाणी वेगवेगळ्या वाट्यांत मांडून कुणी 'भेळ खा' म्हणावं, तसलं हे औदार्य. 'आता प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं' ही आपण फार लवकर स्तुती मानतो. न ऐकू येणं हाही कधी कधी निर्णय असतो, आणि तो दारू प्यालेल्या तंत्रज्ञानं नव्हे, शुद्धीवरच्या निर्मात्यानं घेतलेला असतो.

उलट क्वीनच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'मधलं 'द प्रॉफेट्स साँग' घ्या. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी एक ओळ गातो, टेपच्या यंत्रातून तीच ओळ थोड्या उशिरानं परत येते, आणि तो तिच्यावर पुढची ओळ चढवतो. एकाच गळ्याच्या पाठशिवणीतून कोरस तयार होतो. १९७५च्या स्टीरिओत ही पाठशिवण दोन स्पीकरांत मावत नाही, हे आधीपासून जाणवायचं. २००२च्या ५.१ मिक्सनं तिला धावायला जागा दिली. इथे दाटी नकोच आहे, अंतर हवं आहे. म्हणजे प्रश्न सराउंड चांगलं की वाईट असा नाहीच. या गाण्याला अंतर मानवतं का, एवढंच बघायचं.

घरातलं वास्तव अर्थात क्रूर आहे. आमच्यासारख्यांच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, मागचे दोन स्पीकर पुस्तकांच्या कपाटावर आणि फ्रिजशेजारी, आणि 'अचूक जागा' एकाच माणसापुरती. दुसरा कुणी ऐकायला आला तर त्याच्या वाट्याला नुसता कीबोर्ड येतो. मित्रांनी मिळून रेकॉर्ड ऐकण्याची जी रीत होती तिला सराउंडमध्ये जागा नाही. ही मांडणी एकट्याची आहे.

आता हेडफोनवर डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे सराउंडचंच पुढचं रूप, आलं आहे. २०२१पासून ॲपल म्युझिकवर ते मिळतं, आणि २०२४पासून ज्यांचं संगीत त्या रूपात उपलब्ध आहे त्यांना रॉयल्टीत १० टक्क्यांपर्यंत झुकतं माप मिळतं. त्यामुळे जुने अल्बम घाऊकपणे या साच्यात घातले जात असतील तर नवल नाही. अनुकूल हेडफोन असले की ॲटमॉस आपोआप सुरू होतं. विशीतला एखादा श्रोता पहिल्यांदाच 'डार्क साइड' ऐकतो तेव्हा त्याच्या कानावर २०२३चं ॲटमॉस मिक्स पडतं, आणि १९७३चं ऐकायचं तर सेटिंगमध्ये शिरावं लागतं.

२००३ साली 'डार्क साइड'च्या ५.१ची वेळ आली तेव्हा बँडनं ते काम पार्सन्सऐवजी जेम्स गथ्रीकडे दिलं. पार्सन्सनं तेव्हा केलेलं क्वाड मिक्स पुन्हा रीतसर विकायला ठेवलं गेलं ते २०११च्या संचात. ज्याच्याकडे तो संच आहे तो दोन्ही शेजारी ठेवून भांडू शकतो: 'ऑन द रन'मधली धावपळ याची सरस की त्याची? फोनच्या पडद्यावर ठळकपणे दिसते ती फक्त 'डॉल्बी ॲटमॉस' ही पाटी. भाष्य कुणाचं आणि कोणत्या सालातलं, हे त्या पाटीशेजारी तितक्याच ठळकपणे छापावं, आणि स्टीरिओकडे परत जायला एकच बटण पुरावं.