ग्रहण किती वेळा, आणि कुठून?

31 जानेवारी 2018च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एकच आकडा फिरत होता: हा योग 152 वर्षांनी येतो आहे. महिन्यातली दुसरी पौर्णिमा, चंद्र पृथ्वीच्या जवळ आणि त्यातच खग्रास ग्रहण, असा तिहेरी योग. पण तो आकडा अमेरिकेचा होता. तिथे महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेचं खग्रास ग्रहण त्याआधी 1866 साली दिसलं होतं. आशियात तर हा तिहेरी योगच 30 डिसेंबर 1982 रोजी होऊन गेला होता, म्हणजे पुरती 36 वर्षंही झाली नव्हती. परक्या आकाशाचा आकडा आपण आपल्या अंगणात आणून लावला आणि कुणी हटकलंही नाही.

ग्रहणं किती वेळा होतात, या प्रश्नाला ‘कुठून पाहता’ हे ठरल्याशिवाय अर्थच येत नाही. ते न विचारता प्रत्येक ग्रहणावर ‘दुर्मीळ’ असा शिक्का मारला की आकाशातली सर्वांत शिस्तशीर गोष्ट लोकांना अवचित आलेलं संकट वाटू लागते. माझा आक्षेप आहे तो याला.

अख्ख्या पृथ्वीचा हिशेब केला, तर छायाकल्प (चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ छायेतून जातो अशी) चंद्रग्रहणं धरून वर्षाला किमान चार ग्रहणं होतात, फार तर सात. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. सूर्य त्यांपैकी एकाच्या जवळ असतो, तो साधारण 34-35 दिवसांचा काळ ग्रहणाचा हंगाम. अमावास्येपासून अमावास्या साडेएकोणतीस दिवसांची, म्हणून त्या हंगामात एक तरी अमावास्या सापडते आणि एक तरी सूर्यग्रहण होतंच. राहू-केतू स्वतः उलटे सरकत असल्यामुळे सूर्य त्याच बिंदूशी 346.6 दिवसांतच परत येतो. वर्षाच्या आरंभी हंगाम गाठला, तर डिसेंबरात तिसराही हाती लागतो. 1982त नेमकं हेच झालं. 9 जानेवारी, 6 जुलै आणि 30 डिसेंबर अशी तीन खग्रास चंद्रग्रहणं. 25 जानेवारी, 21 जून, 20 जुलै आणि 15 डिसेंबर अशी चार खंडग्रास सूर्यग्रहणं. एकूण सात.

याच्या उलट 2020. त्या वर्षीची चारही चंद्रग्रहणं छायाकल्प होती. चंद्र किंचित मळकट दिसावा, एवढाच फरक. पंचांगकर्ते अशी ग्रहणं पाळायला सांगत नाहीत. तरीही करोनाच्या त्या वर्षात ‘एवढी ग्रहणं आली म्हणून’ हा सूर किती घरांतून ऐकू आला!

आता अनुभवाला न पटणारी गोष्ट. पाच हजार वर्षांचं गणित मांडलं, तेव्हा 11,898 सूर्यग्रहणं निघाली, वर्षाला सरासरी 2.4. छायाकल्प वगळली तर चंद्रग्रहणं वर्षाला दीडच्या आसपास. म्हणजे सूर्यग्रहणंच जास्त! आपल्याला उलट वाटतं, कारण चंद्रग्रहण रात्र असलेल्या अर्ध्या पृथ्वीला एकदमच दिसतं. खग्रास सूर्यग्रहणाची सावली मात्र शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून धावत जाते. खग्रास सूर्यग्रहण दर दीड वर्षाने कुठे ना कुठे होतं, पण एखाद्या ठरावीक गावाच्या वाट्याला ते सरासरी 375 वर्षांनी येतं.

आणि सरासरीवरही विसंबून चालत नाही. आपला कोकणातला विजयदुर्ग पाहा. 18 ऑगस्ट 1868चा खग्रास पट्टा या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूरकडे गेला. तीस वर्षं व्हायच्या आत, 22 जानेवारी 1898ला, तीच सावली पुन्हा विजयदुर्गावर पडली. 1868च्या ग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर या किल्ल्यात होते आणि हेलियम त्यांना इथेच सापडला, असं कोकणात मोठ्या अभिमानानं सांगतात. ते खरं नाही. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गाला आले ते 1898मध्ये. खरा इतिहास मला काही कमी मोलाचा वाटत नाही. 1898मध्येच करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते.

1898च्या त्या ग्रहणाचा गोतावळाही मोठा आहे. 18 वर्षं, 11 दिवस आणि सुमारे 8 तासांनी जवळपास तसंच ग्रहण पुन्हा होतं, त्या चक्राला सारोस म्हणतात. वरच्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून पुढचं ग्रहण पश्चिमेकडच्या दुसऱ्याच मुलखात दिसतं. विजयदुर्गच्या ग्रहणानंतर अशी सात चक्रं झाली आणि 8 एप्रिल 2024ला अमेरिकेनं त्याच मालिकेतलं ग्रहण पाहिलं.

ही शिस्त आपल्याला परकी नव्हती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या पंचांगकर्त्यांनी त्यावरून ग्रहणं काढली. स्पर्श, मध्य, मोक्ष यांच्या वेळा आधी मांडून ठेवणाऱ्या समाजानं त्याच वेळी दारं लावून आत बसावं, हे मला नेहमी खटकतं. 16 फेब्रुवारी 1980ला खग्रास पट्टा कारवारवरून गेला, तेव्हा देशातल्या अनेक शहरांचे रस्ते ओस पडले होते. पंधरा वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995ला, दूरदर्शननं ग्रहण थेट दाखवलं आणि माणसं गच्चीवर आली. आकाश तेच होतं. माहिती पोचवायची पद्धत तेवढी बदलली होती.

म्हणून संपादकांना विनंती आहे: ग्रहणाची बातमी देताना ते कुठून दिसेल, किती ग्रासलेलं दिसेल आणि त्या जागी असं याआधी केव्हा दिसलं होतं, एवढं छापा, ‘दुर्मीळ’ हा शब्द मग वाचक स्वतःच योग्य जागी वापरतील. 2 ऑगस्ट 2027ला इजिप्तमधल्या लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास दिसेल, मुंबईला ते खंडग्रास असेल आणि ऐन पावसाळ्यात ढग हटले तरच दिसेल. भारताच्या भूमीवर खग्रास पाहायचं, तर 20 मार्च 2034ला कारगिलकडे जायला हवं. ज्यांना जमेल त्यांनी ग्रहणाचे चष्मे घेऊन जरूर जावं, आणि मुलांना सोबत न्यावं.