लिहून सांगावं, वेळ देऊन मागावं

परभणी जिल्ह्यात जिंतूर किंवा पालम तालुक्यातली एखादी दोनशिक्षकी शाळा. परिपाठ संपतो, मुलं दोन खोल्यांत बसतात, फळ्यावर हातच्याची वजाबाकी सुरू होते आणि गुरुजींच्या खिशातला फोन वाजतो. आसपासच्या शाळांचं जे केंद्र, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : ‘अतितात्काळ. सोबतच्या तक्त्यात माहिती भरून आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी.’ पाठोपाठ केंद्रातल्या इतर शाळांची उत्तरं येऊ लागतात : ‘सादर’, ‘सादर सर’, ‘सादर’. आपली शाळा मागे राहू नये म्हणून गुरुजी जुनं रजिस्टर काढतात. मुलांना सांगतात, तोवर पाढे लिहा.

जिल्हा परिषदेच्या अशा शाळेत लिपिक नसतो, शिपाई नसतो. मुख्याध्यापक म्हणजे वर्ग सांभाळणारा शिक्षकच. त्यामुळे भर शाळेत मागितलेली प्रत्येक माहिती मुलांच्या वेळेतून वजा होते. हा वेळ कुणाच्या मर्जीवरचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. रोज अर्धा तास जरी निरोपांना उत्तरं देण्यात गेला, तरी वर्षाचे १०० तास होतात. म्हणजे मुलांच्या हक्काचा आठवा हिस्सा. एरवी कुणी मुलांचा खाऊ असा काढून घेतला असता, तर गाव शाळेवर चालून आलं असतं. तास गेलेला मात्र कुणाला दिसत नाही.

शाळांचा कारभार या ग्रुपवर किती चालतो, हे २०२४ च्या सप्टेंबरात साऱ्या राज्याने पाहिलं. शाळेतली शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयांविरुद्ध आंदोलन करताना शिक्षक प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. मुद्दा वेगळा होता, पण ग्रुप सोडणं हेच आंदोलनाचं हत्यार व्हावं, यातच सारं आलं.

ग्रुप वाईट नाही. गोदावरीला पूर आला, अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर झाली, एखादं लेकरू घरी पोहोचलं नाही, अशा वेळी त्याच्याइतकं कामाचं साधन नाही. पण आदेश, माहितीची मागणी, रजेचा अर्ज, खुलासा, तक्रार या गोष्टी ई-मेलनेच व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. हा आग्रह तंत्रज्ञानाचा नाही, माणसाने माणसाशी कसं वागावं याचा आहे.

पहिली गोष्ट नोंदीची. आपल्या शाळांत आवक-जावक नोंदवही होती, आजही आहे. पत्राला जावक क्रमांक असे, विषय असे, संदर्भ असे आणि खाली कुणाची तरी सही असे. टपाल पंचायत समितीत दिलं की पोच मिळे. सही करणारा आपल्या शब्दामागे उभा राही. ई-मेलमध्ये हे सगळं टिकून आहे : पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, विषय, जोडपत्र. ग्रुपवरचा आदेश मात्र ‘हा संदेश हटवला आहे’ एवढ्या एका ओळीत नाहीसा होऊ शकतो आणि त्या आदेशावरून धावलेला शिक्षक एकटा पडतो. रजेचं तेच. आदल्या रात्री ग्रुपवर किंवा खासगी क्रमांकावर कळवलेली रजा शुभेच्छांच्या चित्रांखाली दबली, की ‘विनापरवानगी गैरहजर’ असा शेरा पडायला कितीसा वेळ लागतो? ई-मेल पाठवला की हाती पुरावा राहतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचा नावानिशी उल्लेख केला आहे.

दुसरी गोष्ट मानाची. ‘खालील शाळांची माहिती अप्राप्त’ अशी यादी शंभर-दीडशे माणसांसमोर टाकणं म्हणजे चारचौघांत कान धरणंच. वीस-पंचवीस वर्षं सेवा झालेल्या बाईंचं नाव त्या यादीत येतं, कारण त्या दिवशी त्यांच्या गावात रेंज नव्हती. चूक दाखवायची तर ज्याची त्याला दाखवावी. मुलांच्या बाबतीत हे आणखी जपायला हवं. मुलांचे आधार क्रमांक, जातीची नोंद, बँक खाती असलेले तक्ते ग्रुपवर फिरतात, दीडशे फोनमध्ये उतरतात आणि तिथेच राहतात. आईबापांनी ती कागदपत्रं शाळेच्या भरवशावर दिलेली असतात. ज्या अधिकाऱ्याला माहिती हवी, त्या एकालाच ती जावी, ही त्या भरवशाची किमान परतफेड आहे.

तिसरी गोष्ट घराची. रात्री दहाला आलेला निरोप निळ्या खुणांचा हिशेब मागतो. ई-मेल सकाळपर्यंत थांबतो. कामाची वेळ संपल्यावर संपर्कापासून दूर राहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. कायदा होईल तेव्हा होईल. एकमेकांची संध्याकाळ राखायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

अडचणी खऱ्या आहेत. शाळेचं ई-मेल खातं बहुधा कुण्या जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर उघडलेलं असतं. त्यांची बदली सोनपेठहून सेलूला होते, पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो आणि नव्या सरांना ओटीपीसाठी त्यांना फोन करत बसावं लागतं. म्हणून खातं शाळेच्या नावाने आणि आपल्या जिल्ह्यात २७१७ने सुरू होणाऱ्या युडायस या शाळा-ओळख क्रमांकाने असावं, आणि प्रभार देताना किल्ल्या व दप्तराबरोबर पासवर्डही यादीत लिहून, सही घेऊन सोपवावा. ज्यांना सवय नाही, त्यांना केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास बसवून शिकवावं. तरुण सहशिक्षकांनी हे काम आनंदाने अंगावर घ्यावं. शिक्षकाने सकाळी शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावर मेल पाहावा, आणि मिळाल्याचं एका ओळीत कळवावं.

पण पहिलं पाऊल वरून पडायला हवं. गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांनी ठरवावं : माहिती ई-मेलने मागू, निदान दोन कामाचे दिवस देऊ, आधी दिलेली माहिती पुन्हा मागणार नाही. पत्र लिहायला बसलं की विषय ठरवावा लागतो, आणि विषय ठरवताना ही माहिती खरंच हवी आहे का, हा प्रश्न आपोआप पडतो. निम्म्या मागण्या तिथेच गळून पडतील, अशी मला आशा आहे.

दहावीच्या मराठीत आपण मुलांना ई-मेलच्या नमुन्यातलं औपचारिक पत्र शिकवतो. मायना, विषय, नेमकं म्हणणं, शेवटी आपलं नाव. त्याला गुणही देतो. जी रीत मुलांकडून अपेक्षित आहे, ती शिक्षकांच्या खोलीत आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर आधी पाळली गेली पाहिजे. दुसऱ्याचा वेळ मागताना आपलं नाव लिहावं, कारण सांगावं आणि मुदत द्यावी. एवढं केलं तरी वर्गातले कितीतरी तास मुलांना परत मिळतील.