अमानत कशाची?

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने टोकियोत जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे जवळजवळ एका मोटारीइतकी. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झाले आणि अचूक वेळ गरिबाच्याही मनगटावर आली. मग महागड्या घड्याळवाल्यांनी विकायचे काय?

स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिपने १९९६ मध्ये सुरू केलेल्या जाहिरातमालेचा आशय असा : घड्याळाचे तुम्ही मालक नाही, पुढच्या पिढीसाठी ते फक्त सांभाळता. ही तर अमानतीची भाषा! पण अमानत दुकानात मिळत नाही. कुणीतरी ती विश्वासाने सोपवावी लागते. तशी सोपवलेली चीज म्हणजे वेळ. शेठजीला आणि हमालाला तो दिवसाचे २४ तासच मिळतो. घड्याळ मुलाला वारशाने देता येईल; त्याच्यासोबत न घालवलेला वेळ कसा देणार?