काकांच्या दुर्बिणीसाठी मागणं

देवा, आजचं मागणं मोठं नाही, पण बारीकसारीक आहे. तेव्हा घाई न करता ऐकून घे.

चैत्रातली अमावास्येची रात्र आहे. भोरच्या बाजूच्या आमच्या वाडीत, खळ्यावर, शेजारच्या काकांनी नवी दुर्बीण मांडली आहे. हा माणूस जन्मभर एसटीत कंडक्टर होता. निवृत्तीच्या पैशांतून मोठा टीव्ही घ्या असं मुलं म्हणत होती, त्यांनी ही घेतली. मोटरवर फिरणारी, संगणकाची, तारेला लटकलेल्या रिमोटसकट. दुकानदार म्हणाला, नाव निवडा, बटण दाबा, तारा आपोआप समोर. त्याने अर्धंच खरं सांगितलं. त्यालाही सांभाळून घे.

उरलेलं अर्धं असं आहे. तिच्या पोटात 40,000 ठिकाणांचे पत्ते आहेत, पण आपण स्वतः कुठे तोंड करून उभ्या आहोत, हे तिला ठाऊक नाही. रातराणीत डुलकी लागलेल्या कंडक्टरसारखी तिची गत: थांबे सगळे तोंडपाठ, पण गाडी आत्ता कुठवर आली हे खिडकीबाहेरच्या दोन ओळखीच्या खुणा दिसल्याशिवाय सांगता येत नाही. त्या खुणा म्हणजे दोन तारे. आणि ते तिला माणसानेच दाखवावे लागतात. एवढ्या महागाच्या यंत्राला पहिला आधार लागतो तो उघड्या डोळ्यांनी स्वाती ओळखणाऱ्याचा, ह्याची मला फार मजा वाटते. ही योजना तुझीच असणार.

म्हणून पहिलं आणि खरं मागणं: माझे हात आवर. मला ह्या रिमोटची बटणं अंधारात सापडतात. मी पुढे झाले तर पाच मिनिटांत दुर्बीण अलाइन होईल, काका डोळा लावतील, वा वा म्हणतील, आणि परवापासून ती माळ्यावर जाईल. अशा किती दुर्बिणी माळ्यांवर गोणपाटाखाली पडून आहेत, ते तू वरून बघतोसच. काकांची बोटं जाड आहेत, चष्मा कधी कपाळावर असतो तर कधी नाकावर, आणि प्रत्येक बटणाआधी ते माझ्याकडे बघतात. त्या बघण्याला मी "हं" एवढंच उत्तर द्यावं. रिमोट त्यांच्याच हातात राहावा आणि माझे हात पाठीमागे.

बाकीचं किरकोळ आहे, पण किरकोळातच रात्र जाते. ट्रायपॉड सपाट बसू दे. खळं चोपलेलं आहे, तेव्हा ते जमेल. बॅटरी शेवटपर्यंत पुरू दे, कारण विजेचा दाब कमी झाला की ही यंत्रं बंद पडण्याआधी वेड्यासारखं वागतात आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. तारीख घालताना आधी महिना आणि मग दिवस, हे काकांच्या लक्षात राहू दे. विसाव्या तारखेला वीस आधी घातलं तर यंत्र निदान अडतं, कारण विसावा महिना नसतो. पाच तारखेला मात्र ते निमूटपणे एप्रिलचा मे करतं. वेळ साडेपाच तासांची, भारताची. उन्हाळी वेळेचा प्रश्न विचारला तर 'नाही'. रेखांश पूर्वेचा. एका तासाची चूक म्हणजे 15 अंशांची चूक, तिकिटाच्या हिशेबात काकांनी कधी एवढी होऊ दिली नसती.

दुपारी आम्ही वरची छोटी लाल ठिपक्याची शोधक दुर्बीण मोठीशी जुळवून घेतली. पलीकडच्या डोंगरावरच्या तुझ्याच देवळाचा कळस मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणला आणि मग लाल ठिपका त्याच्यावर बसवला. तिथे तुझा उपयोग झाला, आभार. सूर्याच्या बाबतीत मात्र मी तुझ्यावरही विसंबले नाही. काकांचा नातू हौशी आहे, म्हणून दुर्बिणीचं टोपण मी स्वतः लावलं आणि काकांना बजावलं की दिवसा ती उघडी सोडायची नाही. एका क्षणात डोळा जातो.

आता तारे.

काकांना नक्षत्रं माझ्यापेक्षा जास्त येतात, पण पावसाची. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, कुठल्याचं वाहन कोल्हा आणि कुठल्याचं बेडूक, सगळं घडाघडा. फक्त त्यांतलं एकही त्यांनी आकाशात पाहिलेलं नाही, आणि ह्यात त्यांचा काय दोष? सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याच्या नावाने पाऊस ओळखायचा, आणि सूर्य तिथे असतो तेव्हा ते नक्षत्र त्याच्यासोबत दिवसाच उगवून मावळतं. म्हणजे जुलैत पुनर्वसूचं नाव प्रत्येक बांधावर असतं, पण तारे दिसायची सोय नसते. वर ढग, ते वेगळेच. आज चैत्रात, नऊ वाजता, तेच पुनर्वसू पश्चिमेला उंचावर उघडं आहे. साठ वर्षं ज्याच्या नावाने पेरण्यांचा अंदाज बांधला, तो शेजारी आज त्यांना तोंडओळखीने भेटू दे.

आधी स्वाती. उत्तरेकडे सप्तर्षी वर आले आहेत. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की पूर्वेला नारिंगी झाक असलेला ठळक तारा लागतो, तो स्वाती. बाक आणखी पुढे नेला की पांढरीशुभ्र चित्रा. ही वाट मी बोटाने दाखवणार नाही. काकांनी स्वतः हात लांब करून ती काढावी, दोनदा चुकून चित्रेवरच जाऊन थांबावं, आणि तिसऱ्यांदा रंगावरून ओळखावं. स्वातीचा आजचा प्रकाश सुमारे 37 वर्षांपूर्वी निघाला. काका तेव्हा नुकते डेपोत हजर झाले होते. चित्रेचा अडीचशे वर्षांच्या आसपासचा, म्हणजे साधारण सवाई माधवरावांच्या वेळचा. हे मी सांगेन, पण नंतर. आधी सांगितलं तर काका आकडे विचारत बसतील आणि तारा राहून जाईल.

रिमोटवर स्वाती हे नाव नाही, आर्कटुरस आहे. त्यासाठी मी त्यांना वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत जोड्या लिहून दिल्या आहेत: चित्रा म्हणजे स्पायका, मघा म्हणजे रेग्युलस, व्याध म्हणजे सिरियस. ते पान वाऱ्याने उडू देऊ नकोस.

तारा आधी लाल ठिपक्यावर आणायचा आणि एंटर दाबायचं, मग आयपीसमध्ये मधोमध आणायचा आणि अलाइन दाबायचं. शेवटी सरकवताना वरचं आणि उजवीकडचंच बटण वापरायचं, कारण गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि ती दर वेळी एकाच बाजूला दाबून घेतली तरच मोजमाप खरं राहतं. तारा पुढे निघून गेला तर परत मागे आणून पुन्हा त्याच दिशेने यायचं. इथे काका चिडतील. चिडू दे. मी मात्र उसासा टाकू नये.

दुसरा तारा कुठला घ्यावा, हे खरं अवघड. मघा जवळजवळ डोक्यावर आहे आणि काकांना नेमकी तीच आवडली आहे. पण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या ह्या जातीच्या दुर्बिणीचं डोक्यावरच्या ताऱ्याशी जमत नाही. तिथे केसभर सरकायचं तर तिला बुडातून गरकन फिरावं लागतं. ध्रुव घ्या, असं गावातला कोणीतरी जाणता येऊन सांगेलच. ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा आहे, हा समज तुझ्या नावावर जितके खपतात तितकाच पक्का आहे. प्रत्यक्षात तेजाच्या यादीत तो पहिल्या चाळिसातही नाही, आणि आमच्याकडून क्षितिजावर जेमतेम 18 अंश उंच, तोही पुण्याच्या उजेडाच्या बाजूला. त्या जाणत्याला आज दुसऱ्या गावी काम निघू दे.

उरलं पुनर्वसू. तिथे दोन तारे शेजारी शेजारी आहेत, हात लांब केला तर तीन बोटांच्या अंतरावर. पश्चिमेकडे तोंड केलं की उजवीकडचा कॅस्टर, डावीकडचा पोलक्स. यंत्राला हवा आहे पोलक्स. आणि देवा, ही जागा तू फार खोडकरपणे रचली आहेस. स्वातीपासून पोलक्स साडेसत्याऐंशी अंशांवर आणि कॅस्टर सव्वाअठ्ठ्याऐंशीवर, पुरत्या एका अंशाचाही फरक नाही. यंत्र दोन ताऱ्यांमधलं अंतर ताडून पाहतं, पण एवढ्याशा फरकावरून त्याला संशय येईलच असं नाही. काकांनी कॅस्टर मधोमध आणून हाच पोलक्स असं सांगितलं, तर ते कदाचित मुकाट मान डोलावेल, पडद्यावर 'अलाइन सक्सेस' अशी अक्षरं उमटतील, आणि पुढची सगळी रात्र काकांना रिकामं आकाश दिसेल. त्यातून कधी एखादा ग्रहही ह्याच वाटेवर मुक्कामाला येऊन बसतो आणि ताऱ्याहून झगमगीत दिसतो.

त्या अक्षरांवर काकांनी लगेच विश्वास ठेवू नये, एवढी अक्कल त्यांना माझ्या सांगण्याशिवाय येऊ दे. प्रवाशाने दिलेली नोट उजेडात धरून बघायची सवय त्यांना आहेच, तीच इथे वापरू दे. जास्त ताकदीचा आयपीस लावला की कॅस्टरचे दोन तारे होतात, अगदी चिकटून बसलेले. पोलक्स एकटा राहतो, जरा पिवळसर. काकांनी डोळा लावावा, थांबावं, आणि स्वतःच म्हणावं, "पोरी, हा नव्हे गं, शेजारचा." ह्या एका वाक्यासाठी मी आज आले आहे. दुर्बिणीतून दिसणारं सगळं मी पूर्वी पाहिलं आहे. हे वाक्य अजून ऐकायचं आहे.

मग पुष्य मागायचं. रिमोटवर एम 44. यंत्र घरघरत वळेल आणि कमी ताकदीच्या आयपीसमध्ये ताऱ्यांचा पुंजका भरून येईल, जवळजवळ सहाशे प्रकाशवर्षांवरचा. म्हातारा पाऊस तो हाच, हे काकांना कोणी सांगायला नको. पुंजका तिथे नसेल तर कॅस्टरचाच घोटाळा झाला असं समजायचं आणि पुन्हा स्वातीपासून धरायचं. तेव्हाही माझे हात पाठीमागे.

मध्येच काकूंनाही बोलावणं होऊ दे. त्या म्हणतात, "तुमचं चालू द्या, मला भाकऱ्या आहेत." त्यांना वसिष्ठ दाखवायचा आहे, सप्तर्षींच्या शेपटीतला, अरुंधतीसकट. लग्नात भटजींनी मांडवाच्या छताकडे बोट केलं होतं आणि दोघांनी मान हलवली होती, असं काकूच सांगतात. दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा दिसतो आणि अरुंधती थोडी दूर, आपल्या जागी. त्यावर काकू काहीतरी खोचक बोलतील. ते काकांना ऐकू यावं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांची आठवण इथे ठेवते. कोकणातल्या मुरुडचा हा शिक्षक. 1896 साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' प्रसिद्ध केलं आणि त्याआधी साध्या माणसाला रात्री आकाश बघता यावं म्हणून 'ज्योतिर्विलास'. त्यांच्या वाचकाकडे ना मोटर ना रिमोट, कंदील तेवढा होता. काकांना त्या वाचकांच्या पंगतीत बसव.

आणि जमलं तर गावातली वीज तासभर जाऊ दे. दवाखाना आणि पिठाची गिरणी सोडून. समोरच्या नव्या बंगल्याचा दिवा तरी.

शेवटचं. बाराच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी वर येतो, लाखो ताऱ्यांचा गोळा, जो युरोपाच्या बहुतेक भागातून दिसत नाही आणि आम्हाला क्षितिजापासून चोवीसेक अंशांवर आयता मिळतो. काकांनी त्याचं नाव ऐकल्यापासून धरून ठेवलं आहे. पण त्या बाजूला आंबा आहे, कैऱ्यांनी वाकलेला, आणि एक फांदी बरोबर आड येईल असा माझा अंदाज आहे. ती तोडायला काका आत्ताच कोयता शोधताहेत. फांदी तोडू देऊ नकोस, आणि बाजूलाही करू नकोस. आड येऊ दे. मग ट्रायपॉड उचलून चार पावलं सरकवावा लागेल, आणि तो जागचा हलला की यंत्र सगळं विसरतं: तारीख-वेळ राहील, तारे पुन्हा दाखवावे लागतील. तोवर मी खळ्याच्या कडेला खाटेवर आडवी झालेली असेन. झोप लागली नसली तरी लागल्यासारखी. काकांनी एकदा हाक मारावी, मी ओ देऊ नये, आणि त्यांनी वहीचं ते पान टॉर्चच्या लाल उजेडात धरून पुन्हा सप्तर्षींच्या शेपटीपासून सुरुवात करावी.