रक्षकावरचा विश्वास

जळगावहून भुसावळकडे निघालेल्या प्रवाशाला महामार्गावर नशिराबाद लागते. झिपरू अण्णा महाराजांच्या समाधीमुळे भाविकांच्या ओठी असलेले हे गाव जुन्या नोंदींत मात्र आणखी दोन कारणांनी भेटते: काचेच्या बांगड्यांच्या धंद्यामुळे आणि पुन्हा पुन्हा झालेल्या लुटीमुळे. सातमाळ्याच्या डोंगरातून टोळ्या उतरत आणि गाव धुऊन नेत. १८०१ मध्ये जीवा वसावा नावाच्या गिरासिया सरदाराने ते लुटले, आणि १८०३ च्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर ते दुसऱ्यांदा लुटले गेले तेव्हा लुटणारा होता पेशव्यांचाच एक अधिकारी. धान्य, भांडी, दागिने दोन्ही वेळा गेले असतील. पण दुसऱ्या वेळी त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट गेली, जी पहिल्या लुटीत शाबूत राहिली होती. डोंगरातून आलेल्या टोळीने लुटले तर मनुष्य राजाकडे धाव घेतो. राजाचाच माणूस लुटू लागला तर धाव घ्यायला दिशाच उरत नाही. ही जी दिशा हरवते, तिचे नाव विश्वास. समाजात जेव्हा असंतोष पेटतो, मोर्चे निघतात, दगड उडतात आणि बंदुका उगारल्या जातात, तेव्हा या एका शब्दापाशी थांबून विचार करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य ठरते.

विश्वास म्हणजे धाक नव्हे, हे आधी मनात स्थिर केले पाहिजे, कारण आपल्याकडे पोलिसांचा विषय निघाला की धाकाचीच भाषा सहज तोंडी येते; खमक्या फौजदार आला, गाव चिडीचूप झाले, असे आपण कौतुकाने सांगतो. धाकाने रस्ता शांत होतो, हे खरे. परंतु धाक हा डोळ्यांसमोर असेपर्यंतच काम करतो, गाडी पुढे गेली की तो संपतो, आणि ज्याला धाक वाटतो तो मनुष्य आपले दुःख घेऊन ठाण्याची पायरी कधी चढत नाही. विश्वास मात्र रक्षक दृष्टीआड असतानाही जागा असतो. रात्री एकटी परतणारी परिचारिका, बाजाराचे पैसे कनवटीला लावून निघालेला शेतकरी, परगावी शिकणाऱ्या मुलीचे आईवडील, ही सारी माणसे ज्या आधारावर निश्चिंत झोपतात तो आधार दंडुक्याचा नसतो. हाक मारली तर कोणी येईल, या श्रद्धेचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या ब्रीदातही सद्रक्षण आधी आहे आणि खलनिग्रहण नंतर, आणि हा क्रम केवळ शब्दांचा नाही. रक्षणाचा अनुभव ज्याला आधी आला, त्यालाच निग्रह न्याय्य वाटतो.

विश्वासाचा पुढचा पदर समदृष्टीचा आहे. खानदेशाने या पदरावर दोन मोठे आघात सोसले आहेत. मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल भडकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ती जळगावात पोचली; जळगावात चाळीसहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील या दंगलींची चौकशी केली, तेव्हा दंगलखोरांबरोबर तपासयंत्रणेचेही माप काढले आणि भिवंडीच्या तपासातला पक्षपात उघडपणे नोंदवला. त्यानंतर चार दशकांनी, ६ जानेवारी २०१३ रोजी, धुळ्यात खाणावळीतल्या बिलावरून उठलेल्या भांडणाची दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले, आणि काही पोलीसच मोडतोड व लूट करीत असल्याची चित्रणे लोकांनी पाहिली. त्यावरून पुढे पोलिसांनाही अटक झाली. नशिराबादच्या दुसऱ्या लुटीचे दुःख इथे नव्या गणवेशात उभे राहिलेले दिसते. गणवेश हा समाजाने एका मनुष्याच्या अंगावर ठेवलेला विश्वासच असतो. तो अंगावर असताना केलेला अन्याय एका व्यक्तीचा राहत नाही, तो सबंध व्यवस्थेच्या नावे लिहिला जातो, आणि ज्या मोहल्ल्याच्या वाट्याला तो येतो त्याची पुढची पिढीही ठाण्याकडे संशयानेच पाहते. त्याच दलात निष्ठेने राबणाऱ्या असंख्य शिपायांनाही मग हे न केलेले ऋण फेडत बसावे लागते.

आणखी खोल गेले की विश्वासाचे वेळेशी असलेले नाते दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत झालेल्या अत्याचाराची तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. जो शब्द ठाण्यातल्या वहीत वेळेवर उतरला असता, तो रुळांवर आरोळी होऊन उमटला. वेळेवर लिहून घेतलेली तक्रार हा राज्याने नागरिकाला दिलेला पहिला प्रतिसाद असतो. तो उशिरा आला तर पुढच्या प्रत्येक प्रतिसादाकडे, तो कितीही खरा असला तरी, माणसे शंकेने पाहतात.

त्याच वर्षी जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या जामनेरात जे घडले, ते या विचाराची दुसरी बाजू दाखवते. सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या झाली होती. संशयिताला पोलिसांनी पकडले होते. आणि तरीही संतप्त जमाव ठाण्यासमोर जमून त्याला आमच्या हवाली करा म्हणू लागला, रस्त्यावर टायर जाळले गेले, ठाण्यावर दगड पडले, पोलीस निरीक्षकांसह पोलीस जखमी झाले. त्या क्रोधाच्या मुळाशी करुणा होती, हे कोणी नाकारू नये. ज्याचे हृदय त्या लेकरासाठी पेटले नाही त्याला माणूस म्हणणे कठीण आहे. पण करुणेतून उठलेला हात विश्वासावाचून जेव्हा चालतो, तेव्हा तो स्वतःच्याच हेतूवर पडतो. त्या बालिकेला न्याय मिळण्याची वाट पुराव्यातून, साक्षीतून, न्यायालयातून जाते; पुरावा जपणारे ते ठाणे आणि साक्ष देणारे ते पोलीस यांच्यावरच दगड पडला, तर घाव तिच्या न्यायावर बसतो. आंदोलन हा लोकशाहीने दिलेला पवित्र अधिकार आहे, कारण आंदोलक आपली हाक ऐकली जाईल असा विश्वास धरूनच रस्त्यावर येतो. दगड मात्र तो विश्वास सोडल्याची खूण आहे.

विश्वासाची जागा रिकामी राहत नाही, हेही ध्यानी धरावे. जिथून सत्ता, ठाणे, न्यायालय यांच्यावरचा भरवसा उठतो तिथे अफवेवरचा भरवसा येऊन बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेला त्या जमावाने सत्य मानले; ज्या खोलीत त्यांना नेले, ती ग्रामपंचायतीची खोलीही त्या पाच जीवांना वाचवू शकली नाही. मुलांविषयीची माया आणि परक्याविषयीचा संशय यांच्यामध्ये उभा राहून ‘थांबा, आधी विचारू’ असे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे गाव ऐकेल असा एक शब्द तिथे हवा होता. तो शब्द पोलीस पाटलाचा असो, शिक्षकाचा असो वा ठाणेदाराचा, त्याला वजन येते ते आधीच्या साध्या दिवसांत कमावलेल्या विश्वासाने.

हा विश्वास कमावता येतो, याचा दाखला त्याच भिवंडीने दिला, जी १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये जळाली होती. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, नळाच्या, गटाराच्या, शेजारच्या भांडणाच्या गोष्टी बोलू लागले, नावानिशी एकमेकांना ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी मिळत नाही; भिवंडीने विहीर आधी खणली होती. दंगलीच्या रात्री घाईने बोलावलेली शांतता समिती ही बहुधा पुढाऱ्यांची बैठक असते. शांततेच्या काळात भरलेली बैठक हीच खरी शांतता समिती.

आणि विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. भक्तीलाही विवेक लागतो, तसाच नागरिकाच्या विश्वासालाही हिशेब लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह प्रकरणात राज्यांना निर्देश दिले की पोलीस अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ असावा, तपास आणि बंदोबस्त यांची कामे वेगळी व्हावीत, आणि राज्यात व जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्राधिकरणे असावीत. या मागण्या पोलिसांच्या विरोधातल्या नाहीत. ज्या पोलिसाला पुढाऱ्याच्या फोनने बदलीचे भय वाटत नाही तोच गरिबाची तक्रार निर्भयपणे लिहून घेतो, आणि ज्याच्या चुकीची दाद लागते त्याच्याच बरोबर असण्यावर लोक मनापासून भरवसा ठेवतात.

म्हणून दोन्ही बाजूंना हे मागणे आहे. गणवेश घातलेल्या बांधवांनो आणि भगिनींनो, ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला आधी बसायला सांगा, त्याचे ऐका, लिहून घ्या, आणि त्याच्या नावावरून त्याचे सत्य ठरवू नका. रस्त्यावर उतरणाऱ्या बांधवांनो आणि भगिनींनो, मागणी कितीही न्याय्य असली तरी हातात दगड घेऊ नका, आणि मोबाइलवर आलेला प्रत्येक शब्द पुढे ढकलण्याआधी ठाण्याला विचारा. रक्षकाने विश्वास पात्रतेने मिळवावा, आणि आपण तो धैर्याने द्यावा. एकट्याने तो कोणालाच राखता येत नाही.