मागे बसून बघा

हंगाम बरा गेला, केळीला भाव मिळाला की जळगाव-धुळ्याच्या घरांत नव्या गाडीचा विषय निघतो. शेजारच्या औरंगाबादकरांनी २०१०च्या ऑक्टोबरात एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती गोष्ट आपल्याकडे अजून चवीने सांगतात. हल्ली या गप्पांत चार दारांच्या कूपेचं नाव येतं. २००४मध्ये मर्सिडीजची सीएलएस आली आणि उतरत्या छपराच्या या गाड्यांची हौस वाढली. मग कागद-पेन निघतं. आरटीओचा कर, दरसालचा विमा, महागडे टायर, गतिरोधकावर घासणारं पोट, सर्व्हिससाठी दुसऱ्या शहरातली फेरी. खर्चाच्या हिशेबात आपली माणसं कच्ची नाहीत.

आराम मात्र आपण स्टिअरिंगमागे बसूनच ठरवतो. एकदा मागचं दार उघडून बघा. छप्पर तिथे खाली आलेलं असतं. गुडघे दुखणारी आई आधी पदर सावरते, मान वाकवते, एक पाय आत टाकते आणि दाराला धरून अंग सीटवर सोडून देते. उतरताना तर कुणीतरी हात द्यावाच लागतो. कानबाईच्या रोटांना गावी जायचं, तर वाटेत पारोळ्याला चहासाठी थांबलं तरी हेच. पहिल्या सीएलएसमध्ये मागे जागाही दोघांचीच होती. आणि आईला विचारलं तर ती म्हणणार, "छान आहे रे गाडी." आया असंच म्हणतात!

गाडी घेऊच नये असं मुळीच नाही. कष्टाच्या पैशाने केलेली हौस मला तरी आवडते. फक्त सही करण्याआधी दहा मिनिटं मागे बसावं, जमलं तर आईला बरोबर न्यावं. मायलेज विचारण्याआधी "मायले बठाले जमी का?" एवढं विचारावं.

गाडी घ्यायची नसली तरी दुसऱ्याच्या जागी जाऊन बघायची ही सवय उपयोगी पडते. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५वर जातो. कूलर हॉलमध्ये असतो आणि कळण्याची भाकरी थापणारी ओट्याशी. आज कामावर निघण्याआधी जरा ओट्यापाशी उभं राहा. वारा तिथवर येतो का बघा. येत नसेल तर कूलरचं तोंड फिरवा. त्याला ना कर लागतो, ना विमा.